ठवकरकाकांचं कलम

रस्त्यात खड्डा दिसला की नागपूरचा माणूस शिवी देतो. ठवकरकाका चष्मा बदलतात.

म्हणजे होतं असं. काका स्कूटरवरून जात असतात. कुठं नाली खोदणं सुरू असतं, कुठं फुटपाथला सिमेंटचे गट्टू बसवणं सुरू असतं. काका स्कूटर स्टँडवर चढवतात, लांबचा चष्मा खिशात घालतात, जवळचा नाकावर ठेवतात आणि देवळाला घालावी तशी त्या कामाला एक प्रदक्षिणा घालतात. मग तिथल्या मुकादमाला गाठून विचारतात, "बोर्ड कुठी आहे गा?"

"कोणता बोर्ड, काका?"

"मजुरीचा."

इथून पुढं अर्धा तास कुठं जात नाही. एकदा मी त्यांच्या मागे बसून एका लग्नाला निघालो होतो. वाटेत नाली लागली. मंगलाष्टकं आम्ही त्या नालीच्या काठावर उभं राहून, पलीकडच्या कार्यालयाच्या लाउडस्पीकरवरून ऐकली. "शुभमंगल"ला काका मुकादमाला अट क्रमांक सांगत होते. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या, त्या मी शेवटी नालीत टाकल्या.

गुलाबराव ठवकर हे आमचे प्रतापनगरातले शेजारी. सरकारी बांधकामं काढणाऱ्या एका कार्यालयात एकतीस वर्षं कारकून होते. कार्यालयाचं नाव मी सांगत नाही, मला अजून नागपुरातच राहायचं आहे. निवृत्त झाले, वर्षभरात काकू गेल्या, मुलगा बंगळुरूला. चार वर्षांपूर्वी ते आमच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायला आले, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत न वाचलेला कागद उरलेला नाही.

काकांना वाचनाचा नाद आहे. पण पुस्तकांचा नव्हे. बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षर, लग्नपत्रिकेतलं 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून छापखान्याच्या नावापर्यंत सगळं, आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना. आणि नुसतं वाचत नाहीत, वाचून दाखवतात. मी विमा कंपनीत आहे. बारीक अक्षर छापणं हा आमचा धंदा, वाचणं नव्हे. पण माझी स्वतःची पॉलिसी काकांनी मला एका रविवारी सकाळी नऊपासून जेवणापर्यंत वाचून दाखवली. त्यानंतर महिनाभर मी फार जपून रस्ता ओलांडत होतो.

तर ते मजुरीचं कलम. सरकारी कामाच्या कंत्राटात एक अट असते. त्या भागात त्या कामाला जो मजुरीचा दर ठरलेला असेल, त्यापेक्षा कमी मजुरी कंत्राटदारानं द्यायची नाही. बाई असो की पुरुष, काम एक तर दर एक. आणि तो दर मजुरांना वाचता येईल असा फळ्यावर लिहून कामाच्या जागी लावायचा. बस, एवढंच. पण काका हे कलम असं म्हणतात की ऐकणाऱ्यानं पायातल्या चपला काढाव्या.

फळा कुठंच लावलेला नसतो, हे सांगायला नको. म्हणून काकांनी स्वतःच एक तयार केला. एका खोक्याच्या प्लायवूडवर पिवळ्या ऑइलपेंटनं दर रंगवले. वर 'मजुरांच्या माहितीसाठी', खाली 'स्त्री-पुरुष समान', त्याच्या खाली पुन्हा 'समान'. स्कूटरच्या पुढच्या बाजूला तारेनं तो बांधून ते शहरभर फिरतात. सिग्नलला शेजारची माणसं तो वाचतात आणि काकांना विचारतात, "माणसं पुरवता का?"

दीड वर्षापूर्वी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी नालीचं काम निघालं. काकांना घरबसल्या गंगा आली. पहिल्याच दिवशी पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाईल अशा थाटात जाऊन त्यांनी फळा विजेच्या खांबाला लटकवला. राजू मुकादमानं तो पाहिला, काकांना पाहिलं, फाईल पाहिली, आणि चहा मागवला.

"साहेब, तुम्ही कोण्या हापिसातून?"

"तुले फळा वाचता येते का नाही?" काका म्हणाले.

हे काही उत्तर नव्हे. पण राजू मुकादमाला ते पुरलं. इतक्या तिरसटपणे बोलणारा माणूस साहेबच असणार, असा त्याचा अनुभव असावा. काका साहेब असल्याचं कधी म्हणाले नाहीत. नसल्याचंही म्हणाले नाहीत. पण त्या आठवड्यापासून नालीवरच्या सहा बायांना पुरुषांइतकी मजुरी मिळायला लागली. जन्मात पहिल्यांदा.

त्या सहा जणींची म्होरकी सुमनबाई. ती हुडकेश्वरच्या पुढं राहायची आणि दोन गाड्या बदलून कामाला यायची. आवाज असा की सिमेंटचा मिक्सर बंद करून तिला ऐकावं. काका रोज दुपारी नालीवर जायचे, ती म्हणायची, "या साहेब, बसा," आणि एक घमेलं पालथं घालून द्यायची. काका त्या घमेल्यावर बसून फळा मोठ्यानं वाचायचे. रोज. तोच फळा. बाया जेवता जेवता ऐकायच्या.

"पाठ झालं नं आता, साहेब," सुमनबाई म्हणायची.

"मंग म्हणून दाखव."

आणि ती खरंच म्हणायची, 'समान' दोनदा.

एका सकाळी सात वाजता आमची बेल वाजली. दारात काका. हातात वर्तमानपत्र, चेहरा पडलेला. माझ्या बायकोनं, मंजूनं, आधी पाण्याचा ग्लास आणून दिला, मग हळूच मला विचारलं, "कोण गेलं?"

"काढून राहिले," काका म्हणाले.

"कोणाला? कुठून?"

"कलम. आपलं कलम काढून राहिले गा!"

जाहीर सूचना होती, मुंगीच्या अक्षरात. कामं स्वस्तात आणि लवकर व्हावीत म्हणून नव्या कंत्राटांतून मजुरीच्या दराची ती अट वगळण्याचा विचार आहे, कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. मी म्हणालो, "काका, आपल्या नालीचं काम तर जुन्या कंत्राटातलं आहे."

"आणि पुढचं?" काका ओरडले. "हुडकेश्वरचं? सुमनबाईच्या घरापासून पाच मिनिटं! ती दोन महिन्यांपासून त्या कामाची वाट पाहून राहिली. गाडीभाडं नाही, पोरगी शाळेतून आली का डोळ्यासमोर. ते काम नव्या कंत्राटात जाते. कलम गेलं का बाईचा दर पहिल्यासारखा अर्धा. मंग ती घराजवळ अर्ध्यात राबंल नाही तं पुऱ्यासाठी गावभर हिंडंल!"

एवढं बोलून ते ग्लासभर पाणी उभ्यानंच प्यायले आणि निघून गेले. तीन दिवस त्यांच्या घरातून नुसता टाइपरायटरचा आवाज येत होता. चौथ्या दिवशी काका कागदांचा गठ्ठा घेऊन सह्यांना निघाले.

इथं आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. काकांनी कागद पुढं केला की न वाचता सही करायची. "हे काय आहे?" असं विचारलंत की मेलात, कारण मग ते वाचून दाखवतात. गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाया, आंघोळीला निघालेले पुरुष, सगळ्यांनी दारातच सह्या ठोकल्या. मीही ठोकली. मंजूनं तर पोळपाटावर कागद ठेवून केली, त्यावर कणकेचा अंगठाही उठला.

पुढं दीड महिन्यानं पोस्टमन आला आणि गल्लीत एक्केचाळीस रजिस्टर पत्रं वाटून गेला. 'आपण घेतलेल्या हरकतीवर सुनावणी ठेवली असून आपण जातीने हजर राहावे.' गल्लीत हाहाकार उडाला. आपण हरकत घेतली आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. देशकर सरांना वाटलं त्यांच्या वाढीव बांधकामाचीच नोटीस आली. त्यांनी तासाभरात मागच्या शेडचे पत्रे उतरवून पलंगाखाली सारले. सुमनबाईलाही पत्र आलं. पत्ता होता: 'सुमनबाई, नालीचे काम, गल्लीचे तोंड, प्रतापनगर.' आणि ते बरोबर पोचलं!

पत्रासोबत आपापल्या हरकतीची प्रत होती. काकांनी एक्केचाळीस हरकती वेगवेगळ्या लिहिल्या होत्या, एकीचं वाक्य दुसरीत नाही. माझ्या हरकतीत लिहिलं होतं, 'हरकतदार हा सुज्ञ, अभ्यासू व सार्वजनिक कामांची कळकळ असलेला नागरिक आहे.' मंजू दोन दिवस हसत होती. तिच्या हरकतीत होतं, 'हरकतदार स्त्री असून समान कामाला समान मजुरी ही तिची जुनी मागणी आहे.'

"ही मात्र अगदी खरी," ती म्हणाली. "सुरुवात घरापासून करा."

सुनावणीला आम्ही वरातीसारखे गेलो. तीन ऑटो, सात स्कूटर, आणि सगळ्यांत पुढं काका, फळ्यासकट. खोलीत खुर्च्या आठ आणि एक्केचाळीसपैकी आलेले हरकतदार तीस. साहेब तरुण होते, वागायला चांगले होते, आणि आम्हाला पाहून त्यांनी आधी पंखा वाढवला, मग चष्मा काढून डोळे चोळले.

"बोला," त्यांनी मला विचारलं, "तुमची नेमकी हरकत काय?"

"जी लिहिली आहे तीच," मी म्हणालो.

"सांगा ना, काय लिहिली आहे?"

सुज्ञ आणि अभ्यासू नागरिकानं मंजूकडं पाहिलं. मंजूनं छताकडं पाहिलं. मागून देशकर सर घाईघाईनं म्हणाले, "माझी यांच्यासारखीच आहे. आणि शेड काढलेली आहे, साहेब!"

साहेब हसले. मग त्यांनी फाईल मिटली आणि काकांकडं वळले. "ठवकरजी, तुम्ही तर इथलेच. एकतीस वर्षं याच खोलीच्या बाजूला बसले. मी तुम्हाला सरळ विचारतो. हे कलम कागदावरच आहे. पाळत कोणी नाही, नुसता एक दाखला वाढतो. तुम्हीच सांगा, तुमच्या काळात ही मजुरी मजुराला मिळत होती का?"

मला उत्तर माहीत नव्हतं, पण काकांचा चेहरा पाहून कळलं की त्यांना आहे. 'हो, मिळत होती' म्हणणं किती सोपं होतं. सगळी गल्ली मागे उभी होती, कोण विचारायला जाणार होतं? मागच्या भिंतीला टेकून सुमनबाई उभी होती, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली. तिच्या लेखी काका अजून साहेबच होते.

काका उठले. साहेबांकडं त्यांनी पाहिलंच नाही, मागे वळून ते सुमनबाईकडं पाहत बोलले.

"नव्हती मिळत. आणि मी साहेब नोहो बाई, कारकून होतो. दर बिलासंगं एक दाखला असते, 'मजुरांना ठरल्या दराने मजुरी दिली, खात्री केली.' त्याच्यावर माही सही. एकतीस वर्षं. एका कामावर गेलो नाही, एका मजुराचं तोंड पाहिलं नाही. फ्यानानं कागद उडू नये म्हणून वरतं पेपरवेट ठेवो, तेवढीच खात्री."

मग काका साहेबांकडं वळले आणि त्यांचा आवाज चढला.

"पाळलं नाही, तो कलमाचा दोष नाही, साहेब. तो माहा दोष आहे. मले काढाचं होतं! मले पेन्शन देऊन रिटायर केलं, आणि आता कलमाले काढता? नालीवर मी एक फळा लावला, सहा बायांले पुरा दर भेटला. काय लागलं त्याले? एक प्लायवूड आणि कोणीतरी रोज तिथं उभं राह्यणं. बस!"

देशकर सरांनी टाळी वाजवली. एकट्यानं वाजवल्यामुळं ते लगेच थांबले. साहेबांनी फाईल पुन्हा उघडून त्यात काहीतरी टिपलं. मग म्हणाले, "निर्णय कळवू."

बाहेर आलो तेव्हा सुमनबाई गेटपाशी होती. काका तिच्याकडं गेले, पण ती त्यांच्याशी एक शब्द न बोलता चालायला लागली. काका फळा छातीशी धरून तिथंच उभे राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही आला, खोटं कशाला सांगू? एकतीस वर्षं, म्हणजे किती माणसं!

त्यानंतर गल्लीत जे झालं ते आम्हाला सोसवेना. काका गप्प झाले. वर्तमानपत्र दारात पडून राहायला लागलं. मंजूनं मुद्दाम बिस्किटाचा पुडा नेऊन विचारलं, "काका, यात काय काय घालतात हो?" तर म्हणाले, "असंल काही तरी." ती रडकुंडीला येऊन परतली. नालीचं काम संपलं, बाया गेल्या, खांबावर नुसती तार राहिली.

आणि मग निकाल लागला, कोणाच्या स्वप्नातही आला नसता असा. तो मला त्या कार्यालयातल्या शिपायानं पानठेल्यावर सांगितला. तिथला नियम असा, की जितक्या हरकती तितकी उत्तरं, प्रत्येकीला वेगळं, कारणांसकट, लेखी. एकसारख्या हरकती असत्या तर एका उत्तरात आटोपलं असतं. पण काकांच्या एक्केचाळीस हरकती म्हणजे एक्केचाळीस कारणं! उत्तरं लिहायला बसवलेल्या कारकुनानं सातव्या हरकतीला रजा टाकली, त्याच्या जागी आलेल्यानं चौथीलाच बदली मागितली. शेवटी साहेबांनी फाईलवर शेरा मारला, 'प्रस्ताव तूर्त स्थगित. अट कायम.' शिपाई म्हणाला की शेरा मारताना साहेब खुशीत होते.

काकांना हा नियम माहीत होता का? एकतीस वर्षं त्याच कार्यालयात घालवलेल्या माणसाबद्दल हे मला विचारू नका.

मी धावत बातमी सांगायला गेलो. काकांच्या दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप, तिसऱ्या दिवशी कुलूप. मंजू म्हणाली, रोज अकराला स्कूटर निघते आणि चारला येते, डबाही सोबत असतो.

पंधरा दिवसांनी एका विमा-दाव्याच्या तपासणीसाठी मी हुडकेश्वरला गेलो. रस्त्याचं काम सुरू होतं. खांबाला पिवळ्या अक्षरांचा फळा होता, आणि ताडपत्रीच्या सावलीत सहा बाया जेवायला बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये एका पाइपावर काका. सुमनबाई हातवारे करून काहीतरी सांगत होती, मुलीच्या शाळेतलं. काका ऐकत होते. मध्ये बोलत नव्हते, काही वाचत नव्हते. चार वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होतो.

मला पाहून सुमनबाईच उठून आली. मी हळूच म्हणालो, "मला वाटलं तुम्ही काकांवर रागावल्या."

"मंग? रागावलीच तं होती," ती म्हणाली. "माही माय जलमभर रस्त्याच्या कामावर होती, भाऊ. तिच्या कागदावरही यांचीच सही असंल. कितीक दिवस माह्या डोक्यातून गेलं नाही. मंग हे आले इथं, आणि उभेच्या उभे उन्हात. म्हणलं, एकतीस वर्षं पाह्यलं नाही नं? आता पाहा. रोज यायचं, अन् पाह्यचं. नाही आले तं घरी येऊन भांडीन म्हणलं."

काका मला गाडीपर्यंत सोडायला आले. अट कायम राहिल्याचं त्यांना कळलेलं होतं. मी म्हणालो, "काका, रोज इतक्या दूर? फळा लावून झाला, काम बरोबर चाललंय. आता घरी आराम करा की."

त्यांनी पायानं गिट्टीचा एक खडा बाजूला सारला.

"तुमची काकू होती नं," ते म्हणाले, "ती काही सांगाले आली का मी म्हणो, थांब वं, एवढं वाचून घेऊ दे. रोज. तीही थांबे बिचारी. वाचून होये तवर तिचं सांगणं राहून जाये. आता मी तासन् तास बसतो आठवत, का तिले काय सांगाचं होतं. एक गोष्ट आठवत नाही गा मले. घरी वाचाले ढीगभर आहे. सांगणारं कोणी नाही."

भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि चार वर्षं मी या माणसासमोर नुसत्या घाईघाईनं सह्या करत आलो.

तेवढ्यात ताडपत्रीखालून सुमनबाईची हाक आली, "ओ बाबा! चालले कुठी? पोरीच्या शाळंतल्या बाईनं काय म्हणलं ते तं आइकाच!"

"आलो वं, आलो," काका म्हणाले, आणि मला तिथंच सोडून लगबगीनं परत गेले.